फिटसाठीचा मिडाझोलम नेझल स्प्रे: आमचा अनुभव

माझ्या मुलीला लहानपणापासून फिट येतात. रोजच्या गोळ्या चालू आहेत, तरी ताप आला किंवा जागरण झालं की एखादी येतेच. आलेली फिट लवकर थांबली नाही तर ती थांबवायला न्यूरॉलॉजिस्टनी तिला हा नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला. असं काही मिळतं हे कित्येक पालकांना माहीतच नसतं, म्हणून लिहितेय.

आधी आमच्याकडे डायझेपाम होतं, गुदद्वारातून द्यायचं. औषध चांगलंच, पण भर लग्नमांडवात बारा वर्षांच्या पोरीचे कपडे सोडवायचे? बायकांनी साड्यांचा आडोसा धरला. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, ‘‘आई, कुणी कुणी बघितलं?’’ नंतर कितीतरी दिवस ती कुठल्या कार्यक्रमाला यायलाच तयार नव्हती. स्प्रेला यातलं काहीच लागत नाही. कुशीवर वळवायचं, नाकपुडीत नोझल धरून दाबायचं.

पण स्प्रे दप्तरात ठेवायचा तर शाळेला सांगावंच लागतं. सासूबाईंचा विरोध होता, उद्या लग्नाला आडवं येईल म्हणून. हिंदू विवाह कायद्यातली फिटची आडकाठी १९९९ सालीच निघाली, हे त्यांना समजावलं. वर्गशिक्षिका आधी जबाबदारी घ्यायला कचरत होत्या. डॉक्टरांची चिठ्ठी नेली, वापरायचा कसा ते दाखवलं. मग एकदा प्रार्थनेच्या वेळी फिट आली, तेव्हा शिपाईकाका कांदा आणायला निघालेले. बाईंनी त्यांना थांबवलं, घड्याळ बघितलं, पाच मिनिटं झाल्यावर स्प्रे मारला. सगळ्या वर्गासमोर. आता तिच्या मैत्रिणीच सांगतात, चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत.

तक्रारी आहेत. आमच्या बाटलीतलं माहितीपत्रक इंग्रजीत, तेही मुंगीएवढ्या अक्षरात. नवी बाटली आधी हवेत दाबून फवारा सुरू करून घ्यावा लागतो, नाहीतर ऐनवेळी पहिले दाब फुकट जातात. नाकात चुरचुरतं, नंतर गुंगी येते. श्वासावर लक्ष ठेवावंच लागतं. लहान गावात मेडिकलवाल्याला आधी सांगून मागवावा लागतो.

किती वेळा दाबायचं ते वजनावर आणि बाटलीवर ठरतं, म्हणून मुलीचं वजन वाढलं की डॉक्टरांना पुन्हा विचारा. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, तेव्हा याची गरज नसते. स्प्रेनंतरही थांबली नाही तर लगेच १०८. एक बाटली घरी ठेवा, एक दप्तरात, आणि कुठल्या कप्प्यात आहे ते तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही दाखवून ठेवा.