'हाताने बनवलेला अल्बमच स्वस्त पडतो' म्हणून होणारी फसवणूक

आठ बाय दहा इंचांचा अल्बम. वर 'अस्सल लेदर', आत 'ॲसिड-फ्री' काळी पानं, सगळं हस्तनिर्मित. शेजारी त्याच मापाच्या छापील फोटोबुकाचा भाव, अल्बमच्या दीडपट. गिऱ्हाईक साहजिकच अल्बम उचलतं आणि पैसे आगाऊ मोजून मोकळं होतं. फसलो हे कळतं ते घरी फोटो लावायला बसल्यावर.

आधी बेरीज चुकते. सांगितलेला भाव रिकाम्या अल्बमचा असतो. 40 पानं, पानावर दोन फोटो, म्हणजे 80 प्रिंट वेगळ्या काढायच्या. फोटो पानावर धरून ठेवणारे चिकट कोपरे, म्हणजे कॉर्नर, फोटोला चार या हिशेबाने 320; वाया जाणारे धरून साडेतीनशे. पानांमधला बटर पेपर वेगळा. फोटो विक्रेत्याकडूनच लावून घेतले तर त्याची मजुरी वेगळी. फोटोबुकाच्या भावात छपाई आणि बाइंडिंग आधीच धरलेलं असतं. म्हणजे तुलना झाली ती एका रिकाम्या वस्तूची आणि एका भरलेल्या वस्तूची. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारा: 80 फोटो लावलेलं पुस्तक हातात पडेपर्यंत एकूण किती? उत्तर तोंडी नको, लिहून घ्या.

फोटोबुकवाले याबाबतीत साधुसंत आहेत असं नाही. तिकडे घोळ 'पान' या शब्दात असतो. एका शीटला दोन बाजू, म्हणजे दोन पानं. एकजण 40 म्हणतो ते पानं, दुसरा 20 म्हणतो ते शीट, आणि माल तेवढाच. उलट 40 शीट समजून पैसे भरले आणि 40 पानं आली, तर निम्मं पुस्तक गेलं. जाहिरातीतला भाव सहसा सर्वांत कमी पानांचा असतो. वाढीव पानं, जाड कव्हर, सपाट उघडणारं बाइंडिंग, मांडणी, घरपोच पाठवणं हे नंतर एकेक करून चढतं. सवलतीचं कूपन मात्र बहुतेकदा मूळ भावालाच लागू होतं. आगाऊ घेतलेल्या व्हाउचरची मुदत आणि त्यात काय धरलं नाही, हे पैसे भरण्याआधी वाचा.

आता मालाकडे. अल्बम बिघडतो तो बहुतेक कण्यापाशी, म्हणजे पानं जिथे एकत्र बांधलेली असतात त्या कडेला. फोटोची प्रिंट साधारण पाव मिलिमीटर जाड असते. एका शीटच्या दोन्ही बाजूंना फोटो लागले की अर्धा मिलिमीटर. 20 शीटचे झाले 10 मिलिमीटर. ही जाडी पानांच्या मधोमध वाढते, कण्यापाशी वाढत नाही. म्हणून चांगला कारागीर दर दोन शीटमध्ये कण्याच्या बाजूला तेवढ्याच जाडीची अरुंद पट्टी घालतो. त्या पट्ट्या वाचवल्या की भरलेला अल्बम आ वासल्यासारखा उघडा राहतो, ताण सांध्यावर येतो आणि कव्हर कण्यापासून सुटू लागतं. दुकानात रिकामा अल्बम छान घट्ट मिटतो, आणि नेमकं तेच चुकीचं लक्षण आहे. रिकामा असताना कण्याची बाजू जाड आणि मोकळी कड पोकळ दिसायला हवी. हात लावून पाहिलं की दोन सेकंदांत कळतं.

'हस्तनिर्मित' शब्दाचंही तसंच. यंत्रावर चिकटवलेल्या तयार अल्बमला रिबीन बांधली की तो हस्तनिर्मित होतो, असं मानणारे बरेच आहेत. दोरा दिसलाच पाहिजे असा आग्रह नको. स्क्रू लावून बांधलेला अल्बमही हातचा असू शकतो. पण पानं कशाने धरली आहेत ते विक्रेत्याला सांगता आलं पाहिजे. कण्यावर नुसता गोंद असेल तर जड पानं काही वर्षांत एकेक करून हातात येतात. लेदरची कापलेली कड बघा. आत कापडाची वीण दिसली तर ते रेक्झिन किंवा त्याच्याच जातीचं काहीतरी. चामड्याच्या आतल्या बाजूला तंतू दिसतात, वीण नाही.

'ॲसिड-फ्री', म्हणजे कागदात आम्ल नाही, हे तपासायला पीएच पेन मिळतं. नेहमीच्या पेनाची रेघ आम्लधर्मी कागदावर पिवळी उठते, नाहीतर जांभळी. अडचण अशी की काळ्या पानावर ही रेघ वाचताच येत नाही, आणि काळी पानं खपवायला सोपी जातात याचं हे एक कारण असावं. तिथे ओला पांढरा कापूस पानाच्या कोपऱ्यावर घासा. रंग उतरला तर त्या पानावर फोटो लावू नका. शिवाय ॲसिड-फ्री म्हणजे फोटोला सुरक्षित असंही नाही. त्यासाठी आयएसओ 18916 ही वेगळी चाचणी आहे. पानांवर प्लॅस्टिकचे खिसे असतील तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर चालतं, पीव्हीसी नको. उग्र वास आला की अल्बम परत ठेवून द्या. चिकट पान आणि वर प्लॅस्टिक असले अल्बम घेऊच नका. फोटो काही वर्षांत असे बसतात की काढताना फाटतात.

फोटोबुकात सर्रास चालणारी लबाडी कागदाची. 'फोटो पेपर' म्हणून पैसे घ्यायचे आणि डिजिटल प्रेसवर छापून वर ग्लॉसी लॅमिनेशन मारायचं. दहापट भिंग आकाशाच्या किंवा गालाच्या भागावर धरा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती प्रेसची छपाई. खऱ्या फोटो पेपरवर रंग सलग दिसतो. प्रेसची छपाई वाईट नसते, पण तिचा भाव वेगळा असायला हवा.

आणि फाइल. आठ बाय दहाचं पूर्ण पान 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके या हिशेबाने, छापायचं तर 2400 बाय 3000 पिक्सेल लागतात. मोबाइलवरून फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोची लांब बाजू 1600 असेल, तर ती दहा इंचांवर 160 डीपीआयच भरते. मांडणीचं सॉफ्टवेअर पिक्सेल कमी पडत असल्याची सूचना देतं. ती गप्प करण्यासाठी काही डिझायनर फोटो ताणून पिक्सेल वाढवतात. सूचना जाते, धूसरपणा तसाच राहतो. छपाईआधी प्रत्येक पूर्ण-पानी फोटोची मूळ फाइल किती पिक्सेलची आहे ते विचारा. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला फोटो असेल तर बाइंडिंग सपाट उघडणारं आहे याची खात्री करा. नाहीतर ग्रुप फोटोत मधोमध उभं असलेलं माणूस शिवणीत जातं.

दुसरी प्रत लागली तर फोटोबुकाची बाजू खरी वरचढ असते, कारण मांडणी तयार असते. अल्बमला सगळी मेहनत पुन्हा. पण मांडणीची फाइल विक्रेत्याकडेच अडकली तर दुसऱ्या प्रतीला तो मागेल ती रक्कम द्यावी लागते. शेवटचा हप्ता देण्याआधी पूर्ण रिझोल्यूशनची पीडीएफ घ्या आणि उघडून पाहा. नुसती दाखवण्यापुरती बारीक फाइल पाठवतात, ती छपाईला चालत नाही.