एकच रस्ता, दोन आघात: दरड आणि भूकंप

नेपाळचा अरनिको राजमार्ग काठमांडूहून चीनच्या सीमेवरच्या कोदारीपर्यंत जातो. डोंगरातल्या रस्त्याला जास्त घातक काय, पावसाळ्यातली दरड की भूकंप? या रस्त्याने हे दोन्ही आघात वर्षभराच्या आत झेलले.

२ ऑगस्ट २०१४ ला, ऐन पावसाळ्यात, जुरे इथे डोंगराचा अख्खा उतार सुनकोशी नदीत कोसळला. दीडशेच्या वर माणसं गेली. नदी अडली, मागे तळं साचलं आणि रस्त्याचा काही भाग पाण्याखाली गेला. हानी भयंकर, पण एका जागी. यंत्रं कुठे न्यायची हे तरी ठाऊक होतं.

२५ एप्रिल २०१५ चा ७.८ तीव्रतेचा भूकंप मात्र जागोजागी दरडी पाडून गेला. अशा वेळी पुढची दरड उपसायला निघालेलं यंत्र अलीकडच्या दरडीपाशीच अडकतं. त्यात १२ मे ला पुन्हा ७.३ चा धक्का! शिवाय भेगाळलेले उतार पुढच्या पावसाळ्यांत सुटत राहतात. या सीमेवरचा तातोपानी नाका व्यापारासाठी थेट २०१९ मध्ये पुन्हा उघडला.

माझ्या मते भूकंपच जास्त घातक. एकट्या दरडीला निदान पायवाटेने वळसा घालता येतो. भूकंपात त्या पायवाटाही तुटतात, आणि जखमींसाठी उरतं ते हेलिकॉप्टर.