जुन्या गाडीला काय बसवावे: मोटारसायकलच्या थ्रॉटल बॉडी की जोड कार्ब्युरेटर?

चार सिलिंडरचे जुने इंजिन उघडून नीट बांधून झाले की त्याला हवा आणि इंधन कशातून द्यायचे हा प्रश्न येतो. मूळचा एकच कार्ब्युरेटर अपुरा वाटू लागतो आणि समोर मुख्यतः दोन वाटा असतात. एक वेबर डीसीओई प्रकारच्या, प्रत्येकी दोन नळ्यांच्या दोन कार्ब्युरेटरची जुनी, सरावाची वाट. दुसरी स्पोर्ट्स मोटारसायकलच्या चार थ्रॉटल बॉडी (हवा कमीजास्त करणारी चकती असलेल्या नळ्या) बसवून इंधनाचा हिशेब ईसीयूवर, म्हणजे इंजेक्टरमधून किती पेट्रोल फवारायचे हे ठरवणाऱ्या संगणकावर, सोपवण्याची. मी दोन्ही केले आहे, आणि थ्रॉटल बॉडीचा संच स्वस्तात मिळाला एवढ्यावरून निर्णय घेऊ नये असे माझे ठाम मत आहे, कारण त्या कामातला सर्वांत स्वस्त भाग तोच असतो.

पहिली चूक बहुधा आकार निवडताना होते. १००० सीसीच्या मोटारसायकलचा २५० सीसीचा सिलिंडर मिनिटाला १२,००० फेऱ्यांना जेवढी हवा ओढतो, तेवढीच हवा १६०० सीसीच्या गाडीचा ४०० सीसीचा सिलिंडर ७,५०० फेऱ्यांना ओढतो, आणि रस्त्यावर चालणारे साधे पुशरॉड इंजिन तिथवर क्वचितच जाते. ६,००० फेऱ्यांचाच विचार असेल, तर ७५० सीसीच्या मोटारसायकलचा ४० मिलिमीटरच्या आसपासचा संच पुरून उरतो. ४५ मिलिमीटरचा संच दिसायला भारदस्त असला, तरी पेडल जरासे दाबताच इतकी हवा आत जाते की गर्दीत गाडी धक्के देत चालते. मोटारसायकलच्या मुठीचा फिरण्याचा टप्पा मुळात थोडा असतो, त्यामुळे केबल ओढणारी चकती थ्रॉटल सुरुवातीला हळू उघडेल अशी नव्याने करून घेणे चांगले.

वेबरमध्ये हवेला चोकच्या अरुंद गळ्यातून जावे लागते. ४० मिलिमीटरच्या कार्ब्युरेटरमध्ये हा गळा बहुधा ३० ते ३४ मिलिमीटरचा असतो. थ्रॉटल बॉडीत असा गळा नसतो. तरीही पूर्ण थ्रॉटलवरची ताकद, दोन्ही नीट जुळवलेले असतील, तर फार वेगळी नसते. थ्रॉटल बॉडीचा खरा फायदा थंडीतल्या पहिल्या स्टार्टमध्ये, अर्ध्या पेडलवरच्या गुळगुळीत चालीत आणि घाट चढताना हवा विरळ होत गेली तरी मिश्रण न बिघडण्यात दिसतो.

बसवण्याच्या कामात डीसीओईची बाजू भक्कम आहे. त्याच्या दोन नळ्यांमधले अंतर ९० मिलिमीटर असते आणि बहुतेक लोकप्रिय जुन्या इंजिनांसाठी त्या मापाचे मॅनिफोल्ड तयार मिळतात. मोटारसायकलच्या बॉडी एकमेकींच्या अधिक जवळ असतात, त्यामुळे त्या सुट्या करून, जोडदांडे नव्याने करून आणि इंधनाची रेल (इंजेक्टरना पेट्रोल पोचवणारी नळी) लांबवून त्यांना इंजिनाच्या पोर्टच्या मापावर आणावे लागते. अनेक संचांत मोटरने चालणारी दुसरी चकतीही असते. ती काढल्यावर तिच्या दांड्याची भोके बुजवायला विसरू नये. माझ्या पहिल्या संचात तिसऱ्या सिलिंडरचे आयडलिंग काही केल्या लागत नव्हते. रबरी जोडावर कार्ब क्लीनरचा फवारा मारताच फेऱ्या बदलल्या आणि दोष सापडला: क्लिप आवळलेली होती, पण मॅनिफोल्डच्या नळीला कड नसल्याने रबर केसभर सरकले होते आणि तिथून हवा आत शिरत होती.

इंधनाच्या बाबतीत जराही सवलत घेऊ नये. वेबरला साधारण ३ पीएसआय दाब पुरतो. इंजेक्टरना सुमारे ३ बार, म्हणजे जवळजवळ ४३ पीएसआय लागतो. त्यासाठी नवा पंप, रेग्युलेटर, टाकीकडे परतणारी लाइन आणि त्या दाबाला टिकणाऱ्या नळ्या व क्लिपा घ्याव्याच लागतात. जुन्या टाकीत आडपडदे नसल्याने वळणावर पेट्रोल एका बाजूला जाते आणि पंप हवा ओढतो, म्हणून मध्ये छोटी स्वर्ल पॉट, म्हणजे पंपासाठी पेट्रोल राखून ठेवणारी लहान टाकी, लागते. कित्येक जुन्या इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात. तिथे ४३ पीएसआयवर झिरपणारी एक ओ-रिंग म्हणजे तापलेल्या पाइपावर पेट्रोलचा फवारा.

मग ईसीयू: मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो किंवा तत्सम. क्रँकवर ३६ दातांपैकी एक गाळलेली चकती, तिचा सेन्सर आणि एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा वाइडबँड लॅम्डा सेन्सर हे ओघाने आलेच. चार वेगळ्या बॉडींमुळे व्हॅक्यूमचा संकेत उड्या मारतो, म्हणून इंधनाचा तक्ता बहुतेक थ्रॉटलच्या कोनावर बेततात. आयडलजवळ एका अंशाच्या फरकानेही हवा खूप बदलते, त्यामुळे चारही चकत्या व्हॅक्यूम गेजवर समान केल्याशिवाय लॅपटॉप उघडूच नये. ब्रेक सर्वोसाठी (व्हॅक्यूमवर ब्रेक पेडलला जोर देणाऱ्या भागासाठी) चारही नळ्यांतून बारीक फाटे काढून एका भांड्यात आणावेत आणि पुढे एकेरी झडप बसवावी. एकाच नळीतून घेतलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक सोडू नये.

वेबरला हा ईसीयूचा आणि जास्त दाबाच्या इंधनाचा पसारा लागत नाही. चोक, मेन जेट, इमल्शन ट्यूब आणि एअर करेक्टर हे मिश्रण ठरवणारे सुटे भाग एकदा जुळले की तो वर्षानुवर्षे साथ देतो आणि वाटेत बिघडला तर स्क्रूड्रायव्हरने उघडता येतो. ज्याला वायरिंगचा कंटाळा आहे त्याने वेबरच घ्यावा. मोटारसायकलचेच कार्ब्युरेटर बसवणे हा मधला, स्वस्त पर्याय आहे, पण जेट मोठे करावे लागतात आणि इंधनाचा दाब कमीच ठेवावा लागतो. डीसीओईच्या फ्लँजवर थेट बसणाऱ्या, जेन्व्हेसारख्या तयार थ्रॉटल बॉडी महाग असल्या तरी लेथचे आणि जोडाजोडीचे सगळे काम वाचवतात. हाती यंत्रे नसतील तर हिशेब त्यांच्याच बाजूने लागतो. मिनीच्या ए-सिरीजसारख्या, दोन सिलिंडरना एकच इनटेक पोर्ट असलेल्या इंजिनाला मात्र मी इंजेक्शनचा सल्ला सहज देणार नाही. एका पोर्टवरचे दोन सिलिंडर असमान अंतराने ओढतात आणि फवाऱ्याची वेळ अचूक साधली नाही तर एकाला पेट्रोल जास्त, दुसऱ्याला कमी पडते.

अजून ठरत नसेल तर आधी क्रँकचा सेन्सर, ईसीयूवरचे इग्निशन आणि वाइडबँड बसवून आहे त्या कार्ब्युरेटरवर गाडी काही महिने चालवावी. पुष्कळदा कार्ब्युरेटरवर फोडलेले खापर झिजलेल्या डिस्ट्रिब्युटरचे (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचे) निघते. आणि तसे न निघाले तरी बसवलेला प्रत्येक भाग इंजेक्शनला कामी येतोच. हेडला नवे भोक पाडू नये, आणि मूळ मॅनिफोल्ड त्याच्या स्टडांसह तेल लावून जपून ठेवावे.