तणनाशक म्हणून घेतले आणि उभे भात जळाले

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर भागात पेरभाताच्या भांगलणीला माणसे मिळेनाशी झाली की औषधविक्यांच्या जीपगाड्या गावोगाव फिरू लागतात, हे येथे कोणाला नव्याने सांगायला नको. अशाच एकाने मला बिस्पायरिबॅक सोडियम, म्हणजे भाताला न मारता तण मारणारे औषध, म्हणून अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या प्रत्येकी ४५० रुपयांना, म्हणजे २,७०० रुपयांना दिल्या, आणि पावती नंतर देतो म्हणाला. आज मी सांगेन, पावतीशिवाय औषधाला हात लावू नका. पण तेव्हा दुकानातील उधारी बंद असताना दारात आलेले औषध कोणीही घेतले असते.

संशय यायला हवा होता तो मात्रेवरून. खरे दहा टक्क्यांचे बिस्पायरिबॅक एकरी ८० ते १०० मिली पुरते. हा एकरी लिटर मारा म्हणत होता. पण लेबल कन्नडमध्ये, तेही जुन्या लेबलावर चिकटवलेले, आणि नोंदणी क्रमांकाच्या जागी शाईचा डाग, तेव्हा पडताळायचे तरी कशावरून?

आठवड्यात भात पिवळे पडले. फोन केला तर म्हणाला, ‘‘मामा, या औषधाने भात पिवळे पडतेच, पुढे सुधारते.’’ हे अर्धे खरे आहे, म्हणूनच मी फसलो आणि त्याचेच टॉनिक आणखी १,८०० रुपयांना घेतले. खऱ्या औषधाचा पिवळेपणा तात्पुरता असतो, नवे पान हिरवे येते. माझ्या भातात पोंग्यातले, म्हणजे मधले कोवळे पानच पांढरट होऊन सुकत होते. शिवाय बिस्पायरिबॅकला सहसा दाद न देणारी बांधावरची हरळीही मेली. ही सारी लक्षणे ग्लायफोसेटची, जे तणाबरोबर भातही मारते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला, पण जीपगाडी अडवतो कोण?

कृषी कार्यालयात मराठी अर्ज परत केला, कन्नडमध्ये आणा म्हणाले. आणल्यावर पावती मागितली, मग फोडलेल्या बाटलीचा नमुना चालत नाही म्हणाले. सीलबंद बाटली शिल्लक ठेवायला आम्ही काय फसण्यासाठी औषध घेतो? पोलिसांनी हे कृषी खात्याचे काम म्हणून हात झटकले. तीन एकर भात गेले, ४,५०० रुपये गेले, आणि विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

त्याच गाडीतून घेतलेली न फोडलेली बाटली कोणाकडे असेल तर ती फेकू नये, शेतातही मारू नये. नमुन्याला तीच चालेल, आणि तक्रारीत माझेही नाव घालावे.