पॅरडॉक्स : नऊ इंच पाण्यातले एका माणसाचे घर

मॅट लेडन या अमेरिकन नौकाबांधकाने १९९०च्या दशकात आखलेली पॅरडॉक्स ही शिडाची होडी दुकानात तयार मिळत नाही. तिचे नकाशे मिळतात आणि ते घेऊन ज्याने त्याने ती आपल्या गॅरेजमध्ये प्लायवूड आणि इपॉक्सी वापरून बांधायची असते. मी ती बांधलेली नाही. मेरीलँडमधील एका निवृत्त गृहस्थांनी दोन हिवाळे खर्चून बांधलेली होडी मी तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडून विकत घेतली आणि तेव्हापासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीकच्या उपसागरात तिच्यातून एका रात्रीच्या मुक्कामापासून सलग नऊ दिवसांपर्यंतच्या सफरी केल्या. त्यामुळे हे परीक्षण बांधणीचे कमी आणि वापराचे अधिक आहे.

होडी जेमतेम १४ फूट लांब आणि साधारण चार फूट रुंद आहे. तिचा तळ सपाट, बाजू उभ्या आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, जवळजवळ सरळ आहे. वर माणूस बसू शकेल एवढ्याच उंचीची बंद खोली आहे आणि पुढच्या बाजूला आडवी करता येणारी आखूड डोलकाठी. शीड एकच, शंभर चौरस फुटांच्या आसपास. पाणी आणि शिधा भरून ही होडी सहाशे किलोच्या घरात जाते, आणि तरीही पाण्यात फक्त नऊ इंच बसते. घोट्याच्या थोड्या वर येणाऱ्या पाण्यात जी तरंगते, तिच्यात झोपायची, स्वयंपाकाची आणि आठवड्याच्या शिदोरीची सोय असावी, हा विरोधाभास तिच्या नावातच सांगितलेला आहे.

चेसापीकचा उपसागर उत्तर-दक्षिण सुमारे २०० मैल लांब असला तरी त्याची सरासरी खोली अवघी २१ फूट आहे. सहा फूट उंचीचा माणूस टोपी न भिजवता सात लाखांहून अधिक एकर पाण्यातून चालत जाऊ शकेल, असे येथे गमतीने पण हिशेब करून सांगतात. पाच-सहा फूट खोल पठाणाच्या (तळाच्या कण्याच्या) नौका आखून दिलेल्या वाटेने जातात आणि संध्याकाळी एकाच बंदरात एकमेकींना खेटून उभ्या राहतात. उरलेला सगळा उथळ पसारा, म्हणजे गवताळ खाजणे, त्यांतल्या वळणावळणाच्या खाड्या आणि रेतीच्या दांड्यांमागची निवांत पाणथळे, ही एक प्रकारे मोकळीच राहतात. कालवे, म्हणजे ऑयस्टर, काढण्यासाठी याच किनाऱ्यावर घडलेली स्किपजॅक ही उथळ लाकडी होडी १९८५ साली मेरीलँडची राज्यनौका ठरली, ते उगाच नव्हे. आपल्याकडे आंग्र्यांच्या गलबतांनीही खोल पठाणाच्या परक्या जहाजांना उथळ पाण्याचा हाच धडा शिकवला होता.

आता या होडीच्या सर्वांत वादग्रस्त भागाकडे येतो. उथळ होडी वाऱ्याच्या तोंडावर नेताना ती आडवी घसरू नये म्हणून सामान्यतः मधोमध खालीवर होणारी फळी किंवा दोन्ही कुशींना लटकणाऱ्या फळ्या बसवतात. पॅरडॉक्सला यांपैकी काहीच नाही. तळ आणि बाजू जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर, दोन्ही बाजूंना, काही इंच रुंदीची एक आडवी पट्टी बाहेर काढलेली आहे. तिला चाइन रनर म्हणतात. होडी आडवी सरकू लागली की बाजूखालचे पाणी कोपऱ्याला वळसा घालून तळाखाली निसटू पाहते. पट्टी त्याला अडवते आणि होडीची उभी, पाण्यात बुडालेली कूसच पंखासारखी काम करू लागते. स्वीडनच्या स्वेन युरविंद यांनीही आपल्या छोट्या समुद्री नौकांना अशाच पट्ट्या बसवल्या, त्यामुळे ही केवळ एका माणसाची लहर म्हणून सोडून देता येत नाही.

हे प्रत्यक्षात चालते का? चालते, पण एका अटीवर : होडीला वेग हवा. पहिल्या मोसमात मी तिला सवयीप्रमाणे वाऱ्याच्या अगदी जवळ धरत असे आणि ती नाळ योग्य दिशेला ठेवून खेकड्यासारखी आडवी चालत असे. किनाऱ्यावरचे एक झाड आणि त्यामागची पाण्याची टाकी एका रेषेत धरून पाहिले, तेव्हा ही घसरण माझ्या ध्यानात आली. नाळ थोडी सैल सोडून, शिडाला पोट देऊन तिला साडेतीन नॉटपर्यंत (तासाला साडेतीन सागरी मैल) पळू दिले की पट्ट्या पाणी धरतात आणि घसरण एकदम कमी होते. एवढ्या लांबीच्या होडीचा वेग पाच नॉटच्या आतच राहणार, त्यामुळे घाई असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. आखूड, उभ्या लाटांत नाळ वाऱ्यातून पलीकडे वळवताना तर ती हटकून अडते. वेग कमी असेल तर मध्येच थांबून मागे चालू लागते, आणि मग सुकाणू उलटे धरून, बरेच काही मनात म्हणून, पुन्हा सुरुवात करावी लागते.

मात्र हे सगळे करताना मी कोरडा असतो, आणि पॅरडॉक्सची खरी कमाई मला इथे वाटते. चालवणारा उघड्यावर बसत नाही. तो खोलीत, तळाच्या फळ्यांवर, पाय लांब करून पुढे तोंड करून बसतो. चारी बाजूंना खिडक्या आहेत आणि डोक्यावर सरकते झाकण. सुकाणूची दोरी खोलीच्या आतून सभोवार फिरवलेली आहे, त्यामुळे ती कुठेही धरून ओढली तरी होडी वळते. शीड आवरण्यासाठी बाहेर जावे लागत नाही, कारण ते खालच्या दांड्याभोवती गुंडाळले जाते आणि त्याची दोरी हाताशी येते. दुपारी तीन-चारच्या सुमारास येथे वादळी सरी एकाएकी येतात. अशा एका सरीत, समोरचा किनारा दिसेनासा होण्याच्या आत, मी बसल्या जागी शीड निम्मे केले, मग आणखी निम्मे केले आणि झाकण ओढून घेतले. छपरावर पत्र्याच्या घरासारखा पाऊस वाजत होता आणि चहाचा कप मांडीजवळच्या खाचेत होता. वजन तळाशी घट्ट बांधलेले आणि झाकण बंद असेल तर कलंडलेली होडी पुन्हा सरळ होते, हे तिच्या आखणीतच धरलेले आहे. माझ्यावर ती वेळ आलेली नाही, तरी पाण्याचे डबे पट्ट्यांनी आवळल्याशिवाय मी निघत नाही.

डब्यांचा उल्लेख आला म्हणून स्वयंपूर्णतेविषयी. माझ्या होडीत १५ गॅलन, म्हणजे सुमारे ५७ लिटर पाणी तळाला राहते आणि तेच तिचे वजन-भारही होते. जसजसे गोडे पाणी संपेल तसतसे रिकामे डबे खाऱ्या पाण्याने भरून ठेवतो. स्पिरिटची एक शेगडी, एक लहान कुकर, तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट आणि लोणचे एवढ्यावर नऊ दिवस उत्तम जातात. छपरावरची ५० वॉटची सौरपट्टी दिवा, फोन आणि रेडिओ सांभाळते. इंजिन नाही. वारा पडला की झाकणातून उभे राहून मागच्या लांब वल्ह्याने डावी-उजवीकडे वल्हवत राहायचे. तासाला दीड मैल, तोही पाणी विरुद्ध नसेल तर. इंधन, धक्का, भाडे यांपैकी कशासाठीच बंदरात जावे लागत नाही आणि याचे श्रेय सौरपट्टीपेक्षा त्या नऊ इंचांना अधिक आहे. मुक्कामाला फुकट, सुरक्षित जागा सर्वत्र मिळते म्हणूनच शिदोरी पुरते.

याचा एक अनुभव सांगतो. मागील सप्टेंबरात क्रिसफील्डहून निघून जेन्स आयलंडच्या खाजणात शिरलो आणि एका खाडीच्या अगदी टोकाला, दोन्ही बाजूंनी गवत होडीला घासत असताना नांगर टाकला. बाहेर टँजिअर साउंड या उपसागराच्या रुंद फाट्यात रात्रभर वारा होता, आत पाण्यावर सुरकुतीही नव्हती. पहाटे जाग आली ती शांततेने. सपाट तळाच्या होडीखाली एरवी लहान लाटांची अखंड थपथप चालू असते, ती थांबली होती. सुकतीने पाणी निघून गेले होते आणि होडी चिखलावर फळीसारखी सरळ बसली होती. हाताच्या अंतरावर एक खेकडा स्वतःच्या बिळाच्या तोंडाशी माती रचत होता. तिथल्या ओल्या चिखलाला दाभोळच्या खाडीचा वास होता. येथे भरती-सुकतीतला फरक दीड-दोन फुटांचाच असल्यामुळे फार वाट पाहावी लागली नाही. दुसरा चहा होईपर्यंत तळाखाली पाणी आले आणि होडी किंचित हलली. त्याच दिवशी साउंड ओलांडून स्मिथ आयलंडला पोहोचलो आणि आठ पातळ थरांचा तिथला प्रसिद्ध केक दोन तुकडे खाल्ला. शिध्याच्या स्वयंपूर्णतेला तेवढा अपवाद करायला हरकत नसावी.

दोष आता स्पष्टच सांगतो. ही एका माणसाची होडी आहे. जाहिरातवजा वर्णनांत 'दोघे मावतात' असे वाचले तर ते दोघे फार समजूतदार आहेत असे समजावे. माझी पत्नी एकदा अर्धा दिवस आली आणि उतरताना म्हणाली, "अहो, होडी छान आहे, पण हा लोकलचा डबा आहे." आत उभे राहता येत नाही, गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर चौथ्या दिवशी ते सांगतातच. उन्हाळ्यात खोली तापते. जुलैमध्ये खाजणातल्या हिरव्या डोळ्यांच्या गोमाश्या आणि संध्याकाळचे डास यांच्यामुळे जाळी लावावी लागते, आणि जाळी लावली की वारा थांबतो. म्हणून येथे एप्रिल ते जूनची सुरुवात आणि पुढे सप्टेंबर-ऑक्टोबर हाच तिचा मोसम मानावा.

दुसरी गोष्ट लाकडाची. लाकडी होडीला खारे पाणी फारसे बाधत नाही. तिला कुजवते ते साचलेले पावसाचे पाणी. माझ्या होडीत डोलकाठीच्या बैठकीपाशी स्क्रूची चार भोके इपॉक्सीने न भरता तशीच सोडली होती. विकत घेताना मी तेथे नखाने दाबून पाहिले नाही, ही माझी चूक. दुसऱ्या वसंतात रंगाखाली मऊ जागा लागली आणि खरवडत गेलो तेव्हा भिजलेल्या बिस्किटासारखा भुगा हाताच्या तळव्याएवढ्या भागातून निघाला. दुरुस्तीत तीन आठवड्यांचे शनिवार-रविवार गेले. कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून झापांनी शाकारतात आणि लाकडाला मुशीचे तेल चोपडतात, ते लहानपणी मला केवळ वासामुळे नकोसे वाटे. आता मीही हिवाळ्यात होडीवर ताडपत्री घालून दोन्ही टोके वाऱ्याला उघडी ठेवतो. जुनी होडी घेणाऱ्याने डोलकाठीची बैठक, झाकणाची चौकट आणि खिडक्यांच्या कडा या तीन जागा टोच्याने तपासल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

रत्नागिरी-दापोलीकडचे मित्र विचारतात की ही होडी तिकडे चालेल का. खाड्यांत उत्तम चालेल. तिकडे उधाणाच्या भरतीत आणि सुकतीत दोन मीटरहून अधिक फरक पडतो, त्यामुळे चुकीच्या वेळी चिखलावर बसलात तर दुसरा चहाच काय, दुपारचे जेवणही तिथेच होईल. पण सपाट तळामुळे कलंडण्याची भीती नाही. उघड्या किनाऱ्यावर मात्र मी सावध राहीन. मार्च-एप्रिलमधला दुपारचा वायव्येचा खारा वारा दक्षिणेकडे जाताना पाठीशी असतो, पण परतीच्या वाटेवर तोच तोंडावर येतो, आणि उभ्या लाटांत वाऱ्याच्या तोंडावर जाणे हे पॅरडॉक्सचे बळ नव्हे. तिकडच्या तांडेलांप्रमाणे पहाटेच्या मतलई वाऱ्यावर निघून दुपारच्या आत पुढची खाडी गाठावी लागेल.

स्वतः बांधू इच्छिणाऱ्यांसाठी एवढेच, की सपाट तळ आणि उभ्या बाजू पाहून काम सोपे वाटते, पण खोलीच्या आतली दोऱ्यांची, कप्प्यांची आणि झाकणाची कामे होडीच्या सांगाड्याहून अधिक वेळ घेतात, असे माझ्या होडीच्या पहिल्या मालकांनी सांगितले. चाइन रनर रुंद करून किंवा मध्ये फळी बसवून मूळ आखणीत 'सुधारणा' करण्याचा मोह त्यांनाही झाला होता. तो त्यांनी आवरला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. उंची सहा फुटांच्या वर असेल, तर नकाशे मागवण्याआधी कोणाच्या तरी तयार होडीत झाकण बंद करून तासभर बसून यावे. मी पाच फूट सहा इंच आहे आणि उशी जाड घेतली, तर माझेही डोके छपराला लागते.