बिनगॅसचा मिग वेल्डर, दहा महिने आणि एक पद्मिनी : सगळं ठीक, चिमटा सोडून

यंत्र म्हणजे तार वितळवून पत्र्याला पत्रा जोडणारा नेहमीचा वेल्डर : 120 अँपिअर, घरगुती वीज, 0.8 मिमीची फ्लक्सवाली तार (वेल्डला हवेपासून वाचवणारी पूड तारेच्या पोटातच), म्हणून गॅसची टाकी नको. मी गेल्या दिवाळीत 11,500 ला घेतला.

गाडी वडिलांची, 1983 ची पद्मिनी. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा ती दारात उभी होती. इंजिन उघडलं, धुतलं, बसवलं, चालू झालं. पत्र्याचं तसं नसतं. दाराखालच्या सिलमध्ये, म्हणजे पत्र्याच्या पोकळ पट्टीत, गाळ अडकून राहिला आणि आतल्या आत पत्रा खात बसला. तीन पावसाळ्यांनंतर ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर पापड मोडावा तसा आवाज. पद्मिनीला वेगळी चेसी नाही, बॉडीच सगळा भार घेते. सिल सडली की गाडी मधून बसायला लागते, दारं लागेनाशी होतात. डेंटरने 65 हजार सांगितले, वर म्हणाला, "लांबी (पुट्टी) भरून देतो काका, दोन वर्षं बघायला नको." त्या 'दोन वर्षां'मुळे वेल्डर घेतला.

पहिला महिना मी या यंत्राला एक तारा दिला असता. वेल्डचा टाका म्हणजे मधमाश्यांचं पोळं, सगळीकडे ठिणग्या आणि गोळ्या, पत्र्याला भोकं. सर्व्हिसला फोन केला. तिघांनी मॉडेल नंबर विचारला, चौथा म्हणाला व्होल्टेज कमी असेल. कोकणात ते असतंच, म्हणून ते पटलंही. मग म्हणे यंत्र पाठवा, कुरिअर तुमच्या खर्चाने. 11 किलोचं धूड, जायचेच 900 रुपये. मी नाही पाठवलं.

बरंच झालं. एका रात्री झाकण उघडून बघितलं तर गन, म्हणजे तार सोडणारी मूठ, प्लसला जोडलेली. बिनगॅसच्या तारेला गन मायनसला लागते, अर्थची वायर (गाडीला जोडायची) प्लसला. कारखान्यातून उलटं जोडून आलं होतं आणि पुस्तिकेत त्यावर अर्धी ओळ. दोन नट फिरवले, टाका सुधारला. म्हणजे वर जे एका ताऱ्याचं लिहिलं ते मागे घेतो.

पण चिमटा! अर्थची वायर गाडीला पकडून ठेवणाऱ्या चिमट्याबद्दलचं मी मागे घेणार नाही. वरून तांब्याचा रंग, आत साधा पत्रा, स्प्रिंग कपडे वाळत घालायच्या चिमट्याची. वायर एकाच जबड्याला जोडलेली. गंजक्या गाडीवर लावला की तार टकटक अडखळते, चिमटा तापतो, आणि माणूस दोष देतो स्वतःच्या हाताला. मी तीन आठवडे दिला. मग हार्डवेअरच्या दुकानातून 180 रुपयांचा पितळी चिमटा आणला, पत्रा ग्राइंडरने पांढरा करून तिथे लावला, आणि तोच हात अचानक कारागिराचा झाला. साडेअकरा हजार घेणाऱ्यांना हे 180 का जड झाले?

बाकी शिकलो ते असं. 20 गेजचा साधा सीआरसी पत्रा (जस्त न चढवलेला, गुळगुळीत लोखंडी) घ्या. मी एकदा उरलेला जस्ती पत्रा वापरला, तर रात्री हुडहुडी भरून ताप आला. तो जस्ताचा धूर. सडलेलं कापताना चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, जीव तुटला तरी. सलग वेल्ड ओढायचा नाही, पत्रा पातेल्यासारखा फुगतो. एक टाका इथे, एक वीतभर पलीकडे, हात लावण्याइतका गार झाला की पुढचा. फटीमागे तांबं धरलं तर भोक पडत नाही, कारण वेल्ड तांब्याला चिकटत नाही. जुन्या बंबाचं झाकण ठोकून सपाट केलं, त्याला आई अजून बोलते आहे. लांबी मात्र शेवटी, पातळ, आणि इपॉक्सी प्राइमरवरच (रंगाखालचं अस्तर). ती पाणी शोषते, उघड्या पत्र्यावर भरली तर खालून गंज पोसते. सिलच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका. डेंटर बुजवतात.

तोटे अजून आहेत. जाड कामाला दहा मिनिटांत यंत्र बंद पडतं, बरोबरचा मुखवटा हातात धरायचा असल्याने दुसरा घ्यावा लागतो, तारेचं किलोचं रीळ साडेसहाशे. सगळं धरून माझे 19 हजार गेले, दोन्ही सिल आणि पुढचा तळ झाला. वेल्ड देखणे नाहीत, ग्राइंडरने घासावेच लागतात. पण गणपतीत चार माणसं बसवून परशुरामचा घाट चढलो आणि दारं पहिल्या झटक्यात लागली.

चार तारे. पाचवा चिमट्याने खाल्ला. तो फेकला नाहीये, गाडीवरची ताडपत्री धरायला लावलाय. त्या कामाला उत्तम आहे, वाऱ्यापावसात एकदाही सुटला नाही.