नावांचा क्रम विसरलेले ऑडिओ गाइड

उलाय आणि मरीना अब्रामोविच या परफॉर्मन्स कलाकार जोडप्याने १९७६ ते १९८८ या काळात मिळून केलेल्या सादरीकरणांवरचे हे ऑडिओ गाइड मी दोनदा ऐकले. पहिल्यांदा छायाचित्रे समोर ठेवून आणि दुसऱ्यांदा डोळे मिटून. १९८० च्या ‘रेस्ट एनर्जी’मध्ये धनुष्य अब्रामोविच यांच्या हातात आहे, ताणलेली दोरी आणि बाण उलाय यांच्या चिमटीत, बाणाचे टोक थेट अब्रामोविच यांच्या काळजाकडे, आणि दोघेही मागे असे रेललेले की एकाचा तोल दुसऱ्याच्या वजनावर टिकावा. छातीवरच्या मायक्रोफोनांतून येणारे ठोके वाढत जातात, तेव्हा निवेदक चक्क गप्प राहतो. मिटल्या डोळ्यांनी ऐकताना बोटे घसरण्याची भीती अधिक वाटली. हा भाग इअरफोन लावूनच ऐकावा.

चीनच्या भिंतीपाशी मात्र हा संयम सुटतो. १९८८ साली दोघे दोन टोकांकडून निघाले, सुमारे तीन महिने चालले आणि भेटून वेगळे झाले. मुळात त्या भेटीत लग्न करायचे ठरले होते, पण परवानगी मिळेपर्यंत वर्षे गेली आणि नाते विटले. एवढी हकिकत पुरेशी बोलकी असताना तिच्यावर व्हायोलिन कशाला चढवायचे? पुढे २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात अब्रामोविच टेबलापाशी बसून समोर येणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाकडे मूकपणे पाहत असताना उलाय अचानक समोर येऊन बसले, अब्रामोविच यांनी टेबलावरून हात पुढे केले, आणि त्या अश्रूंवर गाइड जवळजवळ संपतेच.

माझी खरी तक्रार त्यानंतरच्या घाईबद्दल आहे. संयुक्त कामांच्या उत्पन्नातील वाटा आणि श्रेय यांसाठी उलाय यांनी २०१५ मध्ये अब्रामोविच यांच्यावर दावा लावला आणि पुढच्या वर्षी नेदरलँड्सच्या न्यायालयाने अब्रामोविच यांनी उलाय यांना अडीच लाख युरोंहून अधिक रक्कम द्यावी असा आदेश दिला, हे सारे एका वाक्यात उरकले आहे. १९८० पर्यंतच्या कामांवर ‘उलाय / अब्रामोविच’ आणि नंतरच्या कामांवर ‘अब्रामोविच / उलाय’ असे श्रेय द्यावे, हा निकालातला तपशील तर वगळलाच आहे. प्रेम आणि भागीदारी यांचा हिशेब इतक्या नेमकेपणाने दुसरीकडे कुठे मांडलेला मला आढळला नाही. निवेदक मात्र पहिल्या मिनिटापासून अखेरपर्यंत, १९७७ च्या कामांबद्दल बोलतानाही, ‘अब्रामोविच आणि उलाय’ असेच म्हणत राहतो.